लांबचा विमानप्रवास: पाय, कान, झोप आणि औषधं

रानवारा

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लांबच्या विमानप्रवासाला निघणारी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक मानेची उशी कुठली घ्यावी हे विचारायला. आणि प्रवास करून आलेली येतात ती पाय घेऊन: सुजलेले, भरून आलेले, पोटरीत गोळे येणारे. हा उलटा हिशेब मला कायम खटकतो, म्हणून धागा काढतेय. सात-आठ तासांच्या वर बसून राहायचं असेल तर तयारीचा मोठा वाटा पायांसाठी हवा. मान, डोळे, झोप हे सगळं त्यानंतर.

कारण सांगते. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या जोरावर. चालताना पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. खुर्चीत बसलं की हा पंप बंद. त्यात गुडघा वाकलेला आणि सीटची पुढची कड मांडीखाली रुतलेली. रक्त साचतं, त्यातलं पाणी बाहेर झिरपतं, घोटे सुजतात, बूट घट्ट होतात. बहुतेकांचं एवढ्यावरच निभावतं. मोजक्या लोकांच्या पायातल्या खोल शिरेत गुठळी होते, तिलाच डॉक्टर डीव्हीटी म्हणतात. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं.

१९७७ साली याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असं नाव पडलं, पण यात विमानापेक्षा बसण्याचा दोष मोठा. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, बॉम्बहल्ल्यांच्या रात्री लंडनमधले लोक तळघरांत आणि आसऱ्याच्या जागी डेकचेअरवर बसून काढत. फुप्फुसात गुठळी जाऊन मरणाऱ्यांची संख्या वाढल्याचं कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी तेव्हाच नोंदवलं होतं. त्या खुर्चीचा पुढचा दांडा मांड्यांखाली दाबला जाई. विमानाची सीट गादीची असते हे खरं, पण ज्यांची उंची कमी आहे, पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, त्यांना तीच कड तशीच रुतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या, प्रवासातल्या धोक्यांवरच्या राइट प्रकल्पाचा अहवाल २००७ साली आला. त्यात १.६ मीटरपेक्षा कमी आणि १.९ मीटरपेक्षा जास्त उंचीच्या लोकांना धोका अधिक असल्याचं म्हटलंय. उंच माणसाला पाय हलवायला जागाच नसते, बुटक्याचे लोंबकळतात.

कुणी घाबरून तिकीट रद्द करू नका. त्याच अहवालाप्रमाणे चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात निरोगी माणसाला गुठळी होण्याची शक्यता साधारण ६००० मध्ये १ आहे. धोका दुप्पट होतो, पण मुळात तो लहान आहे. तो ज्यांच्यासाठी मोठा आहे त्यांनी मात्र निघण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं: आधी कधी गुठळी झालेले, नुकतंच मोठं ऑपरेशन किंवा पायाला प्लास्टर झालेले, कॅन्सरवर उपचार चालू असलेले, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या, वजन फार असलेले.

आता करायचं काय. टाचा जमिनीवर ठेवून चवडे जमतील तितके वर, तीन श्वास तसेच धरा. मग चवडे टेकवून टाचा वर, पोटरी कडक झालेली हाताला लागली पाहिजे. हाताने चाचपून बघा, नुसती बोटं हलवून पोटरी आवळत नाही. अशी वीसेक आवर्तनं, मग घोटा दोन्ही बाजूंनी गोल. जागे असाल तोवर दर अर्ध्या तासाला एकदा. दीड-दोन तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत, म्हणजे कर्मचारी जेवण तयार करतात तिथपर्यंत, चालत जा आणि तिथे सीटच्या पाठीला धरून चवड्यांवर उभं राहणं-उतरणं दहा-पंधरा वेळा करा. समोरच्या सीटखाली बॅग कोंबू नका, पाय लांब करायची तेवढीच जागा असते. ज्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत त्यांना मात्र छोटी बॅग पायाखाली हवीच, पण ती पुढे-मागे सरकवता येईल अशी.

पायावर पाय टाकून झोपू नका. आणि झोपेची गोळी घेऊन तर नकोच. गोळीच्या झोपेत माणूस तासन्‌तास एकाच कुशीवर, एकाच कोनात पडून राहतो, कूस बदलायचीही जाग येत नाही.

बाकीचं तुम्ही भर घाला. मी रोज येऊन वाचेन.

तळटीप

उत्तम धागा. ताई, ते घट्ट मोजे खरंच उपयोगी पडतात की नुसती विक्री? आईसाठी घ्यायचेत. आणि कुणीतरी तिला सांगितलंय की निघायच्या आदल्या दिवशी ॲस्पिरिन घ्यायची, म्हणजे रक्त पातळ राहतं.

रानवारा

मोजे खरंच उपयोगी आहेत. वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या विषयावरचे सगळे प्रयोग एकत्र करून तपासले, त्यात मोजे घालणाऱ्यांमध्ये लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्या खूपच कमी आढळल्या, सूजही कमी. पण मोजा गुडघ्याखालपर्यंतचा, घोट्यापाशी १५ ते ३० मिलिमीटर पारा एवढा दाब देणारा आणि मापाचा हवा. माप सकाळी उठल्या उठल्या घ्या, घोट्याच्या सर्वांत बारीक जागी आणि पोटरीच्या सर्वांत जाड जागी. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, माप चुकतं. घालताना वरची कड दुमडू देऊ नका. दुमडलेली कड गुडघ्याखाली दोरी बांधल्यासारखी बसते आणि मोज्याचा सगळा हेतूच उलटतो. निघण्याआधी एक दिवस घरात घालून बघायला सांगा.

पायाच्या रोहिण्यांचा त्रास असेल, चालताना पोटऱ्या दुखून थांबावं लागत असेल, किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मोजे घालायचे नाहीत.

ॲस्पिरिन नको. केवळ प्रवासासाठी म्हणून ती घेऊ नये असं अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय. आई हृदयासाठी आधीपासून घेत असतील तर ती नेहमीसारखी चालू ठेवायची, तो विषय वेगळा.

फिरस्ता

कामानिमित्त माझं वर्षभर उडणं चालू असतं, तेव्हा सीटबद्दल लिहितो.

पायांसाठी आयल सीट, म्हणजे वाटेच्या कडेची, झोपेसाठी विंडो सीट. दोन्ही एकदम मिळत नाही, त्यामुळे काय महत्त्वाचं ते आधी ठरवा. विंडोला बसलेला माणूस दोघांना उठवायचं जिवावर येतं म्हणून तासन्‌तास उठत नाही. वयस्कर माणसांसाठी, आणि ज्यांना वारंवार बाथरूमला जावं लागतं त्यांच्यासाठी आयलच.

आपत्कालीन दाराजवळच्या आणि बल्कहेडच्या, म्हणजे समोर आडवी भिंत असलेल्या, सीटला पाय पसरायला जागा असते, पण ट्रे हाताच्या दांड्यात असतो, त्यामुळे तो दांडा वर होत नाही आणि सीट थोडी अरुंद वाटते. बल्कहेडला बाळांचे पाळणे लागतात हेही लक्षात ठेवा. शेवटच्या रांगेची पाठ बऱ्याच विमानांत मागे जात नाही, वर बाथरूमची रांग तुमच्या खांद्यापाशी. ज्यांना मळमळतं त्यांनी पंखांच्या जवळच्या रांगा घ्याव्यात, तिथे हेलकावे कमी जाणवतात.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. पट्टा बसल्या जागी कायम बांधलेला ठेवा, दिवा बंद असला तरी. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं एसक्यू ३२१ अचानक जोरदार हेलकाव्यांत सापडलं, एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. असे हेलकावे सांगून येत नाहीत. झोपताना पट्टा ब्लँकेटच्या वरून बांधा, म्हणजे कर्मचाऱ्यांना तो दिसतो आणि दिवा लागला की ते तुम्हाला उठवत नाहीत.

कोरा कागद

पाण्याचं कुणी लिहिलं नाही अजून. विमानातली हवा वाळवंटापेक्षा कोरडी असते, म्हणून दर तासाला अर्धा लिटर तरी पाणी प्यायलाच हवं ना? मी तर तसंच करत आलोय. आणि चहा-कॉफी पूर्ण बंद.

रानवारा

हवा कोरडी असते हे बरोबर. केबिनमधली आर्द्रता साधारण १० ते २० टक्के असते, कारण बाहेरची हवा त्या उंचीवर जवळजवळ कोरडी ठाक असते. पण त्यामुळे शरीरातलं पाणी लिटरच्या लिटर उडून जात नाही, जास्तीचं नुकसान अगदी थोडं असतं. कोरडं पडतं ते वरवरचं: नाक, घसा, ओठ, डोळे. त्यावर इलाज तिथेच करायचा. नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे, डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब, कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा, ओठांना मलम. डोक्यावरचा वाऱ्याचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नका.

पाणी तहानेप्रमाणे आणि त्याहून थोडं जास्त प्या, दर तासाला अर्धा लिटर लागत नाही. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांना तर एवढं पाणी बाधू शकतं. चहा-कॉफीची सवय असेल तर एखाद-दुसरा कप चालेल, तो झोपेच्या वेळेपासून लांब असावा इतकंच.

मला खरी काळजी वाटते ती उलट्या टोकाच्या लोकांची. बाथरूमला उठायला नको म्हणून आजी-आजोबा निघण्याच्या आदल्या रात्रीपासून घोटभर पाण्यावर राहतात. काही जण तर लघवी वाढवणारी बीपीची गोळी परस्पर बंद करतात. पाणीही नाही, उठणंही नाही. त्यांना आयल सीट घेऊन द्या, बाथरूम कुठे आहे ते बसल्या बसल्या दाखवा, आणि पहिल्या वेळी सोबत जा. एकदा जाऊन आले की भीड चेपते. त्या निमित्ताने दर दोन तासांनी चालणंही होतं.

अवकाश

दारूबद्दल भर घालतो, कारण 'एक पेग घेतला की झोप छान लागते' हे फार ऐकू येतं.

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब ६००० ते ८००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. ८००० ही नियमाने घातलेली कमाल मर्यादा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांचं शरीर कंपोझिटचं (कार्बनचे धागे आणि राळ यांच्या मिश्रणाचं) असल्याने त्यांत ती साधारण ६००० पर्यंत ठेवता येते. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन या दाबाला थोडा उतरतो, एरवी ते जाणवत नाही. २०२४ साली थोरॅक्स या नियतकालिकात जर्मनीतला एक प्रयोग आला होता. तरुण, निरोगी लोकांना केबिनएवढ्या दाबाच्या खोलीत मद्य देऊन झोपवलं. त्यांचा झोपेतला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ८८ च्या घरात गेले. तरुणांचं हे, मग दम्याचा, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर विमानात दारूला हातच लावू नये असं माझं ठाम मत आहे.

दाबाचीच दुसरी बाजू म्हणजे पोट. दाब कमी झाला की आतड्यातला वायू पसरतो, ८००० फुटांना जवळजवळ एक तृतीयांशाने. म्हणून पोट फुगतं, कमरेला करकचतं. सैल नाडीची विजार, फेसाळ पेयं टाळणं आणि अर्धपोटी जेवण, एवढ्यावर निम्मा त्रास जातो.

उन्हाळी

माझं बाळ सात महिन्यांचं आहे आणि पुढच्या महिन्यात आमचा दहा तासांचा प्रवास आहे. कानाचं फार ऐकलंय. काय करू? मला स्वतःला पण सर्दी झाली की कानाला भयंकर दडे बसतात.

शमा

उन्हाळी, दोन मुलांना घेऊन प्रवास केलाय, सांगते. कानाचा त्रास मुख्यतः विमान उतरताना होतो. बाहेरचा दाब वाढतो आणि कानाला घशाशी जोडणारी नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो. गिळलं की ती नळी उघडते. म्हणून बाळाला उतरताना अंगावर पाज, नाहीतर बाटली किंवा चोखणी दे. विमान खाली यायला जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधी सुरुवात होते, त्यामुळे शेवटच्या घोषणेची वाट बघू नकोस. त्याच्या आधीचं दूध थोडं कमी ठेव, म्हणजे भूक शिल्लक राहील. बाळ झोपलेलं असेल तर उठव. झोपेत गिळणं कमी होतं आणि मग ते एकदम किंचाळत उठतं.

मोठ्यांनी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून घोट गिळायचा, किंवा अगदी हलक्या जोराने नाकातून हवा ढकलायची. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर नाक मोकळं करणारा स्प्रे उतरण्याच्या अर्धा तास आधी मारावा, पण बीपीवाल्यांनी आणि बाळाला पाजणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. सायनस पूर्ण भरलेले असतील, कान दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चढू नकोस.

उन्हाळी

शमाताई, खूप धीर आला. लिहून घेतलं सगळं.

पारिजात

जेट लॅगचं सांगा कुणीतरी! मी पूर्वेकडे आठ तासांच्या फरकाच्या ठिकाणी जाते आणि आठवडाभर माझा भुसा होतो. सगळे म्हणतात, पोचलीस की सकाळच्या उन्हात फिर. फिरते. तरी दुपारी डोळ्यांवर झापड आणि रात्री टक्क जागी.

अवकाश

पारिजात, तुमच्या बाबतीत सकाळचं ऊनच घोटाळा करत असावं. जरा सविस्तर लिहितो, कारण हा भाग नीट कळला तर प्रत्येक प्रवासाला स्वतःचं गणित मांडता येतं.

शरीराचं घड्याळ प्रकाशावर लागतं. पण तोच प्रकाश कोणत्या वेळी डोळ्यांत जातो त्यावर घड्याळ पुढे जाणार की मागे हे ठरतं. शरीराचं तापमान पहाटे सर्वांत खाली जातं, साधारणपणे नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी. त्या वेळेनंतर मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे ढकलतो, त्याच्या आधी मिळालेला मागे.

तुम्ही घरी सातला उठत असाल तर तुमची ती वेळ पहाटे साडेचारच्या सुमाराची. पूर्वेकडे आठ तास गेलात की तिथल्या घड्याळात ती दुपारी साडेबाराला येते. म्हणजे तिथलं सकाळी आठचं कोवळं ऊन तुमच्या शरीराच्या लेखी मध्यरात्रीचा प्रकाश आहे. तुम्हाला घड्याळ पुढे न्यायचंय आणि ते ऊन ते मागे ओढतंय.

तेव्हा पहिल्या दिवशी दुपारी एकपर्यंत गडद गॉगल, पडदे लावलेली खोली, शक्यतो घरात राहणं. दुपारी एकनंतर मात्र बाहेर पडा आणि मनसोक्त उजेडात राहा. दुसऱ्या दिवशी ही सीमा तासभर अलीकडे, तिसऱ्या दिवशी आणखी तासभर. चार-पाच दिवसांत सकाळचं ऊन तुमच्या बाजूने येतं.

पश्चिमेकडे जाणं सोपं. माणसाचं आतलं घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे ते मागे टाकणं त्याला जमतं. तिकडे पोचल्यावर दुपार-संध्याकाळ उजेडात राहायचं आणि स्थानिक झोपेच्या वेळेपर्यंत तग धरायचा. पूर्वेकडे जाताना घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, पश्चिमेकडे त्याहून थोडं जास्त.

मेलाटोनिनचा, म्हणजे शरीरात रात्री तयार होणाऱ्या संप्रेरकाच्या गोळीचा, उपयोग होतो, विशेषतः पूर्वेकडे पाच किंवा जास्त टाइम झोन ओलांडताना. पोचल्यावर तिथल्या झोपेच्या वेळी ०.५ ते ५ मिलिग्रॅम. भलत्या वेळी घेतली तर नुसती झोप येते आणि घड्याळ चुकीकडे जाऊ शकतं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काही देशांत ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

आणि दोन-तीन दिवसांसाठीच जात असाल तर घड्याळ हलवायच्या भानगडीत पडू नका. जमेल तेवढं घरच्या वेळेने झोपा, बैठक असेल तर ती तुमच्या जागेपणाच्या तासांत ठेवायला सांगा.

पारिजात

अहो, हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं! दुपारी एकपर्यंत गॉगल. यावेळी नक्की करून बघते आणि इथे येऊन कळवते.

तळटीप

आईला मधुमेह पण आहे, इन्सुलिन घेते. वेळा कशा सांभाळायच्या? आणि ते सुरक्षा तपासणीत अडवतात का?

शमा

तळटीप, माझे सासरे इन्सुलिनवर आहेत, त्यांच्यासोबतच्या प्रवासातलं सांगते.

इन्सुलिन केबिन बॅगमध्येच ठेवायचं. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची मूळ खोकी, आणि लागणाऱ्या औषधांच्या दुप्पट साठा, दोन वेगळ्या बॅगांत. केबिन बॅगेतला द्रव एका बाटलीत १०० मिलीपेक्षा जास्त नको, हा २००६ पासूनचा अनेक विमानतळांवरचा नियम औषधांना लागू होत नाही, पण तपासणीच्या आधी आपणहून सांगून ती वेगळी काढून ठेवावी.

वेळांचं गणित स्वतः करू नका. पूर्वेकडे जाताना दिवस लहान होतो, त्यामुळे इन्सुलिन कमी लागू शकतं, पश्चिमेकडे दिवस लांबतो आणि जास्त लागू शकतं. डॉक्टरांकडे विमानाची वेळ, पोचण्याची वेळ आणि तासांचा फरक लिहून न्या, ते कागदावर तक्ता करून देतात. आमच्या डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ पोचेपर्यंत घरच्याच वेळेवर ठेवायला सांगितलं होतं, त्याने गोंधळ झाला नाही. जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन टोचायचं नाही. हेलकावे सुरू झाले की वाढप मध्येच थांबतं. साखर उतरली तर हाताशी काहीतरी गोड हवं, आणि ते वरच्या कप्प्यात ठेवू नका, खिशात ठेवा.

मधुमेहींचं किंवा कमी मिठाचं जेवण आधी नोंदवावं लागतं, किमान २४ तास आधी. काही कंपन्या ४८ मागतात.

फिरस्ता

व्हीलचेअरही तेव्हाच मागून घ्या. मोठ्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे चांगलीच पायपीट असते, शिवाय रांगा. तीन प्रकार असतात: डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिने जमत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत मदत लागते. तिकिटावर योग्य तो नोंदलाय ना ते बघून घ्या, नाहीतर शिडीच्या पायथ्याशी खोळंबा होतो.

कोरा कागद

विमानातून आलो की हमखास सर्दी होते. ती बंद हवा सगळ्यांची सगळ्यांना फिरते, त्यावर उपाय आहे का?

अवकाश

हवा तितकी वाईट नसते. साधारण निम्मी हवा बाहेरून ताजी येते, निम्मी फिरवलेली, बारीक कण आणि जंतू अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून जाते. केबिनमधली सगळी हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते, आणि ती छतातून येऊन पायापाशी बाहेर जाते, पुढून मागे वाहत नाही. संसर्ग होतो तो आजूबाजूच्या दोन-तीन रांगांतल्या खोकणाऱ्यांकडून आणि स्वतःच्या हातांनी. शेजारी कुणी खोकत असेल तर मास्क लावा, ट्रे पुसून घ्या, जेवणाआधी हात धुवा. विमान जमिनीवर उभं असताना, दारं उघडी आणि गर्दी दाटलेली असताना हवा सर्वांत कमी खेळते, तेव्हा मास्क ठेवलेला बरा.

धुकं

मी वाचनमात्र असतो, पण एक विचारायचंय. वडिलांचं तीन आठवड्यांपूर्वी डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. आता त्यांना काही दुखत-खुपत नाही. परवाचं विमान आहे, आठ तासांचं. मोजे आणि आयल सीट घेतली आहे. डोळ्यासाठी काही वेगळी काळजी?

रानवारा

धुकं, हे वाचताक्षणी उत्तर देतेय. ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात वायूचा फुगा सोडला होता का, हे आधी विचारा. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये बरेचदा सोडतात आणि काही प्रकारचा वायू विरायला कित्येक आठवडे लागतात. तो शिल्लक असताना विमानात चढायचं नाही. वर अवकाश यांनी पोटातल्या वायूचं लिहिलंय, तेच डोळ्यात होतं: वायू पसरतो, डोळ्यातला दाब एकदम चढतो आणि कायमची दृष्टी जाऊ शकते. दुखत नाही याचा अर्थ फुगा गेला असा होत नाही. वडिलांच्या मनगटावर ऑपरेशननंतर पट्टी बांधली होती का? ती याचसाठी असते. आजच सर्जनना फोन करा.

शमा

धुकं, तिकिटाचा विचार करू नका. आधी फोन.

धुकं

फोन झाला. मनगटावर पट्टी होती, बाबांनी ती घरी आल्यावर कापून टाकली होती. सर्जननी लगेच बोलावून तपासलं. फुगा अजून आहे, लहान झालाय. विरला की ते लेखी देतील, तोवर विमान नाही. तारीख पुढे ढकलतोय. रानवाराताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

रानवारा

वेळेत विचारलंत, फार बरं झालं. पट्टी नवी बांधून घ्या. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी भूल द्यायची वेळ आली तरी डोळ्यात वायू आहे हे त्या डॉक्टरांना आधी कळायला हवं.

तारीख बदलताना आयल सीट आणि व्हीलचेअर दोन्हीची नोंद नव्या तिकिटावर परत करून घ्या, जुन्यावरची आपोआप येईलच असं नाही. आणि पोचल्यावर सगळ्यांसाठीच: दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर एक-दोन दिवसांत ओसरतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लाल झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ, आणि चार आठवड्यांपूर्वीचा असला तरी विमानप्रवास झाल्याचं तिथे आवर्जून सांगा.